शार्क चालला काटोलला

रंगीत माशांच्या दुकानात दोन बोटांएवढा रुपेरी जीव पिशवीत वळवळत असतो. दुकानदार त्याला खुशाल ‘शार्क’ म्हणून विकतो. खऱ्या शार्कशी याचं नातं एवढंच की दोघंही पाण्यात राहतात. हा मूळचा मेकाँग नदीकडचा, मागूर-शिंगाडा या मिशाळ माशांच्या गोतावळ्यातला. मासळी बाजारात याला पंगस म्हणतात आणि हॉटेलात ‘बासा’ म्हणून जे पांढरं, बिनकाट्याचं प्रकरण ताटात येतं, ते बहुतेक वेळा हाच असतो. पूर्ण वाढला तर लांबी 130 सेंटिमीटर आणि वजन 44 किलोपर्यंत जाऊ शकतं. हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही. साधं लोखंडी कपाट घ्यायला जा, विकणारा आधी विचारतो, “जिन्यातून जाईल ना जी?” माशाच्या बाबतीत असा प्रश्न विचारणं सरकारने सक्तीचं करायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे हा शार्क भाच्याकडून आला. त्याला पुण्याला नोकरी लागली. “मामा, थोडे दिवस ठेवून घ्या ना,” म्हणून तो चार फुटी काचेची टाकी, पंप आणि दाण्याचा डबा आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. नोकरी पक्की झाली आणि मासाही पक्का झाला. दीड फुटाच्या वर गेल्यावर त्याला वळताना तोंड एका काचेला आणि शेपूट दुसऱ्या काचेला लागू लागली. त्यातून स्वभाव अतिशय भित्रा. रात्री कोणी पाणी प्यायला उठून दिवा लावला की हा धाडकन काचेवर आपटायचा. आम्ही सगळे अंधारात चाचपडत पाणी पिऊ लागलो.

उन्हाळ्यात तर विचारू नका. नागपूरचा मे महिना माणसालाच सोसवत नाही, आणि पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. म्हणून हॉलमधला कूलर टाकीकडे तोंड करून ठेवलेला असायचा. पाहुणे आले की त्यांना टाकीला टेकून बसवायचो, तेवढीच वाऱ्याची झुळूक.

शेवटी याला मोठ्या पाण्यात हलवायचं ठरलं. ठरल्याबरोबर कॉलनीत बातमी पसरली आणि सल्ले येऊ लागले. शेजारचे काकाजी म्हणाले, “कायले एवढा विचार करता? फुटाळा तलावात सोडून द्या, संध्याकाळी फिरायला गेलं की भेटही होईल.” याला मी साफ नकार दिला. टाकीच्या काचा चाटणारा तो सकर मासा लोकांनी असाच ‘बिचारा’ म्हणत सोडला आणि आता देशभरातल्या नद्या-तलावांत तो इथल्या माशांच्या मुळावर उठला आहे. परक्या देशाचा मासा सार्वजनिक तलावात सोडणं याला भूतदया म्हणत नाहीत. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला जास्त व्यवहारी निघाला. “सावजी मसाला मी आणतो,” एवढंच म्हणाला. आईने त्या दिवसापासून त्याच्याकडून सुपारी घेणं बंद केलं.

अंगणातला सिमेंटचा हौद हा बायकोचा पर्याय होता. पण हौद उथळ. उन्हाळ्यात त्यात मासा शिजेल आणि हिवाळ्यात गारठेल. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. उष्ण प्रदेशातल्या माशाने ती रात्र तिथे काढणं कठीणच. मग बायकोलाच आठवलं की तिच्या माहेरी, काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत शेततळं आहे. तीनेक मीटर खोल, खाली प्लास्टिकचा कागद, नाल्याशी कसलाही संबंध नाही. पाणी खोल असलं की तळाशी वरच्याइतकं तापत नाही आणि निवतही नाही. अडीचशे लिटरमधून थेट वीसेक लाख लिटरमध्ये! सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, “आणा ना जी. एका जावयाची सोय करतोच, आणखी एक.”

हलवण्याआधी एक दिवस माशाला उपाशी ठेवायचं असतं, नाहीतर तो वाटेत पाणी घाण करतो आणि त्याच पाण्यातला अमोनिया त्याच्या जिवावर उठतो. आईला हे सांगणं अवघड होतं. तिचा मुक्या जिवाला उपाशी ठेवायला कडाडून विरोध. मग तिनेच कॅलेंडर काढलं. “महाशिवरात्रीलाच ठेवा उपाशी. पुण्य तरी लागेल त्याला.” फेब्रुवारी-मार्चची ही हवाही बरी, ना कडाका ना काहिली. शिवरात्रीला शार्कने निर्जळी सोडून बाकी सगळं व्रत पाळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पकडापकडी सुरू झाली. काकाजी पांढरा कडक इस्त्रीचा झब्बा घालून, हात मागे बांधून देखरेखीला उभे. आधी टाकीतलं निम्म्याहून जास्त पाणी नळीने पेटीत आणि बादल्यांत काढलं. पेटी म्हणजे केटररकडची बर्फ ठेवायची भलीमोठी प्लास्टिकची पेटी, भाड्याने आणलेली. जुन्या कूलरचा टब फुकट होता, पण तो गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा आणि त्यातलं जस्त माशाला विषारी. मग मी जाळी घातली. शार्कने एक गिरकी मारली आणि अडकला.

या माशाच्या छातीजवळच्या परांना पुढे एकेक हाडाचा काटा असतो, त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते. तो काटा जाळीच्या तीन-चार घरांत असा गुंतला होता की ओढलं तर पर फाटला असता. बायकोने ओला टॉवेल त्याच्या डोळ्यांवर धरला आणि मी नखं कापायच्या कात्रीने जाळीचा एकेक धागा कापत बसलो. हाताला साबणासारखी बुळबुळीत साय लागत होती. ती पुसायची नसते, तेच त्याचं रोगांपासूनचं चिलखत. शेवटचा धागा तुटला आणि शार्कने शेपटीचा असा फटका हाणला की टाकीतलं उरलंसुरलं पाणी काकाजींच्या झब्ब्यावर उडालं. “मी सांगूनच राहिलो होतो,” काकाजी म्हणाले. काय सांगून राहिले होते, ते आजवर कळलेलं नाही.

पुढे जाळी बाजूला ठेवून आम्ही त्याला पाण्यासकट प्लास्टिकच्या टबात घेतलं आणि पेटीत उतरवलं. सेलवरचा छोटा पंप बुडबुडे सोडत होता. झाकण लावलं, कारण अंधारात मासा शांत राहतो. पेटी ‘छोटा हत्ती’ टेम्पोवर चढली आणि शार्कची हत्तीवरून मिरवणूक निघाली.

काटोल रोडला गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय आलं तसा ड्रायव्हरने वेग कमी केला. “इथंच उतरवायचा ना जी?” पेटीत काय आहे हे त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं, फक्त ‘जिवंत शार्क, सांभाळून’ एवढंच. फेटरीच्या पुढे मी झाकण उघडून पाहिलं तर शार्क आडवा. पांढरं पोट दिसत होतं. बायकोच्या डोळ्यांत पाणी. भाच्याला काय सांगायचं, यावर हळू आवाजात चर्चा झाली. ड्रायव्हरने टोपी काढली. मी हळूच बोट लावलं, तसा तो उसळून झाकणावर आपटला आणि आम्ही तिघंही ओलेचिंब झालो. मेल्याचं सोंग इतकं हुबेहूब मी ऑफिसातही पाहिलेलं नाही.

शेततळ्यावर सासऱ्यांनी नारळ तयार ठेवला होता. पण मासा लगेच सोडता येत नाही. पेटीतलं आणि तळ्यातलं पाणी वेगवेगळ्या तापमानाचं, त्यामुळे तांब्या-तांब्याने तळ्याचं पाणी पेटीत मिसळत बसायचं. सासरे बराच वेळ बघत राहिले. “लग्नात तुमची पूजा एवढा वेळ चालली नव्हती,” म्हणाले. अखेर पेटी कलती केली. शार्क क्षणभर काठाशी थबकला आणि सूं करून खाली गेला. त्यानंतर दोन आठवडे तो कोणाला दिसलाच नाही. सासऱ्यांना वाटलं, आम्ही रिकामीच पेटी आणली होती.

मग एका संध्याकाळी दाणे टाकल्यावर तो वर आला, आणि आता रोज येतो. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाला, त्याच्यासाठी जाळीचा पिंजरा बसवला आहे. त्याचं खाणं झाल्याशिवाय संत्र्यांना पाणी सुरू होत नाही. परवा सासऱ्यांचा फोन आला. माझी तब्येत विचारायला असेल, असं मला वाटलं.

“जावईबापू, पुढच्या वेळी मिठाई नका आणू. दाण्याचं एक पोतं आणा. पाहुणा तुमचा अन् खर्च आमचा, हे काही बरं नाही जी.”