भाव खोलीचा नाही, अंतराचा

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोची, म्हणजे तिथल्या डिस्नी आणि युनिव्हर्सलच्या पार्कांची, सहल ठरायला लागली की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. या वेळी मावसभावाने लिहिलं, "पार्कच्या हॉटेलात राहणं म्हणजे शुद्ध लूट. खोली शेवटी खोलीच, नुसतं झोपायला तिप्पट पैसे कशाला?" खाली अंगठ्यांची रांग लागली. मी राहतो त्या अमेरिकेत कधी पाऊल न ठेवलेल्यांनीही अंगठे दिले होते, आणि मला खरोखर राग आला.

खोली शेवटी खोली नसते. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड उघडलं तेव्हा हॉटेल बांधण्याइतका पैसा वॉल्ट डिस्नींकडे उरला नव्हता. ते टीव्ही निर्माते जॅक रॅदर यांनी बांधलं आणि डिस्नीच्या ताब्यात यायला १९८८ उजाडलं. आजूबाजूची जमीनही इतरांची, तिथे मोटेलं उभी राहिली. गर्दी आणली डिस्नीने आणि भाडं खाल्लं शेजाऱ्यांनी. म्हणून फ्लोरिडात कंपनीने वेगवेगळ्या नावांनी, गाजावाजा न करता, सुमारे २७,००० एकर घेतले. १९७१ मध्ये पार्कबरोबरच काँटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही हॉटेलंही सुरू झाली. काँटेम्पररीच्या तर पोटातून मोनोरेल जाते. तिथल्या भावात पार्कच्या फाटकापर्यंतचं अंतर धरलेलं असतं, गादी-पलंग नंतर. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी १९९४ पासून डिस्नीचंच स्वस्तातलं ऑल-स्टार आहेच, फक्त बसची वाट बघायची.

डिस्नीची स्पर्धक युनिव्हर्सल, तिचंही तेच. पोर्टोफिनो, हार्ड रॉक, रॉयल पॅसिफिक या तिच्या महागड्या तीन हॉटेलांत राहणाऱ्याला जुन्या दोन पार्कांचा, लांब रांग टाळणारा एक्स्प्रेस पास खोलीबरोबर मिळत आलाय, येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही दिवशी. म्हणजे एका रात्रीत दोन दिवसांच्या रांगा वाचल्या. तिचं नवं पार्क एपिक युनिव्हर्स २०२५ च्या मे महिन्यात उघडलं, पण त्याच्या आधीच प्रत्येकी ७५० खोल्यांची दोन स्वस्त हॉटेलं तयार होती. हेलिओस हे तिसरं हॉटेल मात्र थेट पार्कच्या अंगाला, ५०० खोल्यांचं, आणि भाव अर्थातच वरचा. याला मी नियोजन म्हणतो.

बाहेर राहून पैसे वाचतात म्हणणारे इंटरनॅशनल ड्राइव्ह या हॉटेलांच्या रस्त्यावरची रिसॉर्ट फी (खोलीच्या भाड्यावर लावलेला जादा आकार), हॉटेलचं पार्किंग, मग पार्कचं पार्किंग हे कधी मोजतात का? डिस्नीने स्वतःच्या हॉटेलांतलं रात्रीचं पार्किंग २०२३ च्या जानेवारीत पुन्हा फुकट केलं. सकाळी आय-फोर महामार्गावर अडकलेला तास तर कुणाच्याच हिशेबात नसतो. तारखाही कुणी बघत नाही. तीच खोली सप्टेंबरात आणि नाताळात घ्या, भाव दुप्पट होऊ शकतो. आणि भाव डोक्यावरून गेला की इथले लोक पाठ फिरवतात. दोघांना दोन रात्रींचे ४,८०० डॉलरच्या आसपास घेणारं डिस्नीचं 'स्टार वॉर्स' हॉटेल गॅलॅक्टिक स्टारक्रूझर २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि २०२३ च्या सप्टेंबरात बंद पडलं. तिकडे भारतात नुसती चर्चा होते, इथे गिऱ्हाईक निकाल लावतं.

एक गोष्ट मात्र मलाही खुपते. १९९१ पासून डिस्नी व्हेकेशन क्लबचे पॉइंट, म्हणजे दरवर्षी काही रात्री तिथे राहण्याचा हक्क, विकले जातात. खोली बांधून होते न होते तोच पुढच्या कित्येक वर्षांचे पैसे कंपनीच्या हाती येतात, म्हणून जुन्या हॉटेलांच्या अंगणात नवे टॉवर उगवतात. पॉलिनेशियनचा ताजा टॉवर २०२४ च्या डिसेंबरातला. घेणाऱ्याला जमीन मिळत नाही, मिळते मुदत. सुरुवातीच्या बऱ्याच करारांची मुदत २०४२ मध्ये संपते, आणि तोवर वार्षिक देणी भरतच राहायची.

तरी मी ते पॉइंट घेतले. दारात सभासदाला 'वेलकम होम' म्हणतात. तो धंद्याचा भाग आहे हे मला ठाऊक आहे, तरी ऐकून बरं वाटतं. या देशात मला ते इतक्या सहज दुसरं कुणी म्हणत नाही, आणि तिकडे गेलो की पहिला प्रश्न येतो, परत कधी जाणार? म्हणून लूट हा शब्द मला इतका लागतो. या कंपनीत माझा एक शेअर नाही, पण ग्रुपवर तिच्या भावांना नावं ठेवली की इथे राहायचा माझा निर्णयच तोलला जातोय असं वाटतं, आणि मी वकिली करायला उभा राहतो.