३६ गाड्या, १००चा नियम आणि एक लोणकढी थाप

जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या प्रत्येकाला हा मजकूर एकदा तरी आलेला असतो. मला गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा:

"फेरारी २५० जीटीओ शर्यतीत उतरवायची तर १०० गाड्या बनवणं सक्तीचं होतं. एन्झो फेरारीने बनवल्या फक्त ३६. मग त्याने चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेले क्रमांक) मधले मधले गाळले, म्हणजे कागदावर १००च्या वर गाड्या दिसतील. तपासनीस आले तेव्हा त्याच गाड्या एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हलवून पुन्हा पुन्हा दाखवल्या. अशी मिळवली मान्यता! जीटीओमधला 'ओ' तोच." खाली लाल गाडीचा फोटो आणि ओळ: "हीच ती १९६२ची पहिली जीटीओ."

गोष्ट झकास आहे. एन्झोच्या स्वभावाला शोभतेही, म्हणूनच ती खपते. ३६ हा आकडाही खरा आहे आणि १००चा नियमही खरा. बाकीचं मात्र तपासून पाहू.

आधी चासी नंबर. त्या काळात मारानेल्लोत, म्हणजे फेरारीच्या कारखान्यात, दोन मालिका चालायच्या. निव्वळ शर्यतीसाठीच्या गाड्यांना सम क्रमांक आणि रस्त्यावर चालणाऱ्या, म्हणजे जीटी गाड्यांना विषम. ही विषम मालिका एकट्या जीटीओची नव्हती. चार माणसं बसतील अशी २५० जीटीई, कॅलिफोर्निया स्पायडर, छोट्या व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर कमी असलेली) बर्लिनेटा, पुढे लुस्सो, धनिकांसाठीची सुपरअमेरिका, सगळ्या एकाच रांगेत उभ्या. नंबर आला की पुढच्या गाडीवर ठोकायचा, मग ती कुठलीही असो. एकट्या जीटीईच्याच नऊशेहून अधिक गाड्या झाल्या.

म्हणून पहिल्या जीटीओचा नंबर ३२२३, दुसरीचा ३३८७ आणि तिसरीचा ३४१३. मधले नंबर कुणी खाल्ले नाहीत, त्या नंबरांच्या दुसऱ्या गाड्या होत्या. आजही आहेत. त्यांचे मालक आहेत, लिलाव होतात.

आणि गंमत बघा. पहिली जीटीओ ३२२३, शेवटची ५५७५. दोन्ही धरून मधल्या विषम संख्या मोजा: ११७७ भरतात. नंबरातल्या फटी बघून तपासनीस फसले असते तर त्यांनी १०० नव्हे, हजाराच्या वर जीटीओ मोजल्या असत्या. थाप मारणाऱ्यालाही एवढी मोठी परवडत नाही! बरं, शेवटचे नंबर १९६४चे आणि मान्यता १९६२ची, म्हणजे तोही हिशेब जुळत नाही. नुसत्या पहिल्या तीन गाड्या घेतल्या तरी ३२२३ ते ३४१३ या पट्ट्यात ९६ विषम क्रमांक बसतात. तेवढ्यात जीटीओ मात्र तीनच.

आता शेडची गोष्ट. गाड्या मोजायला माणूस येणार असेल तरच हलवाहलव करायची ना? इथे मोजायचंच काही नव्हतं. एफआयएने, म्हणजे मोटारशर्यतींचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने, जीटीओला वेगळं मॉडेल म्हणून मान्यता दिली नाही. तिला मिळाली ती आधीच्या, छोट्या व्हीलबेसच्या २५० जीटी बर्लिनेटाच्या मान्यतेची पुरवणी. ही बर्लिनेटा १९५९च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात आली आणि तिच्या दीडशेहून अधिक गाड्या तयार झाल्या. १००चा नियम पाळला तो तिने. फेरारीचं म्हणणं असं, की जीटीओ ही तीच गाडी, थोडी सुधारलेली आणि नव्या पत्र्यातली. नियमांत अशा सुधारणांना वाव होता.

"थोडी सुधारलेली" हे शब्द मात्र चिमटीत धरून वाचायचे. व्हीलबेस तोच, २४०० मिलिमीटर. ३ लिटरचा बारा सिलिंडरचा इंजिनठोकळाही त्याच घराण्यातला. पण तेलाची व्यवस्था बदलून ड्राय संप केली, म्हणजे तेल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत, त्यामुळे इंजिन खाली बसलं आणि बॉनेट सपाट झालं. चारऐवजी पाच गिअर आले, सहा वेबर कार्ब्युरेटर आले, ताकद ३०० अश्वशक्तीच्या आसपास गेली. अभियंता जोत्तो बिझारिनीने मांडलेली ही गाडी. तो आणि कार्लो किती हा दुसरा अभियंता यांच्यासह बडी मंडळी १९६१च्या अखेरीस कारखाना सोडून गेली आणि काम २६ वर्षांच्या माउरो फोर्गिएरीच्या गळ्यात पडलं. मोदेनात स्कालिएत्तीच्या कारागिरांनी पत्रा हाताने ठोकला. हिला जुन्या गाडीची सुधारित आवृत्ती म्हणायला धाडस लागतं, हे मी मान्य करतो. प्रतिस्पर्ध्यांनाही ते खुपलंच असणार. पण हा सगळा वाद उघड्यावरचा होता: किती बदल केले तरी गाडी "तीच" राहते? लपवलेल्या शेडचा त्यात संबंध नाही.

शिवाय ही पळवाट फेरारीनेच वापरली असंही नाही. अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी४ जीटी झागातो जेमतेम वीस झाल्या. जॅग्वारने अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप बनवल्या त्या बारा. या गाड्या जीटी म्हणून पळाल्या त्या मूळ मॉडेलच्या आधारावरच. त्यांच्या शेडच्या गोष्टी कुणी फॉरवर्ड करत नाही, बहुधा त्या कमी जिंकल्या म्हणून.

शेडची गोष्ट आली कुठून, याबद्दल माझा अंदाज सांगतो. १९६९च्या एप्रिलमध्ये पोर्शेने ९१७च्या २५ गाड्या कारखान्यासमोर ओळीने उभ्या करून तपासनिसांना दाखवल्या, ते फोटो प्रसिद्ध आहेत. पुढे लान्सियाच्या ०३७ या रॅलीच्या गाडीबद्दल अशी गोष्ट सांगितली जाते, की अर्ध्या गाड्या एका आवारात दाखवल्या, पाहुण्यांना जेवायला बसवलं आणि तेवढ्यात त्याच गाड्या दुसऱ्या आवारात नेल्या. ती खरी की रंगवलेली, हा वेगळा विषय. पण तिथे निदान प्रत्यक्ष गाड्या मोजायचा प्रसंग तरी होता. एका गोष्टीचं जेवण दुसऱ्या गोष्टीच्या पंगतीत वाढलं गेलं असावं.

आणि एन्झो एफआयएला इतक्या सहज बनवू शकत होता, तर २५० एलएमचं काय झालं? माझ्या मते सगळ्या मजकुराला हे एकच उदाहरण पुरतं. १९६३च्या पॅरिस प्रदर्शनात आलेली ही गाडी फेरारीला जीटीओची वारस म्हणून जीटी गटात पळवायची होती. इंजिन चालकाच्या पाठीमागे, म्हणजे जुन्या बर्लिनेटाशी नातं सांगायची सोयच नाही. फेरारीने नाव मात्र २५० ठेवलं. त्या काळच्या फेरारीच्या नावातला आकडा म्हणजे एका सिलिंडरचं घनफळ. जीटीओचे २९५३ सीसी बाराने भागा, २४६ येतात, म्हणजे २५० ठीक. एलएमची पहिली गाडी सोडली तर बाकीच्यांचं इंजिन ३२८६ सीसीचं. बाराने भागा, २७४. म्हणजे खरं नाव २७५ एलएम हवं होतं. नंबरही विषम ठोकले, जणू रस्त्यावरची गाडी. चलाखी शोधायचीच असेल तर ती इथे आहे, आणि ती फसली. शंभर गाड्या नाहीत म्हणून एफआयएने सरळ नकार दिला. एलएमच्या एकूण गाड्या झाल्या ३२, जीटीओपेक्षा फार कमी नाहीत. मग शेडची युक्ती दोन वर्षांत विसरले होते काय?

एन्झोचा राग तर इतका, की त्याने आपला इटालियन स्पर्धा-परवाना परत केला. १९६४च्या अखेरीस अमेरिका आणि मेक्सिकोच्या ग्रां प्रीत फेरारीच्या फॉर्म्युला वन गाड्या लाल रंग सोडून निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या, आणि जॉन सर्टीझ जगज्जेता झाला तो त्याच रंगात. एलएमला प्रोटोटाइप गटात, म्हणजे गाड्यांच्या संख्येची अट नसलेल्या गटात जावं लागलं. तिथूनच १९६५ला योखन रिंट आणि मास्टन ग्रेगरी यांनी तिच्यात ल मांची २४ तासांची शर्यत जिंकली, ते सोडा.

'ओ'बद्दल फार बोलायला नको. ओमोलोगातो, म्हणजे मान्यताप्राप्त. एवढंच.

आकड्याचा घोळ मात्र खराच होतो. काही ठिकाणी ३६ऐवजी ३९ दिसतात. तीन गाड्यांत ४ लिटरचं इंजिन होतं, त्या धरल्या की ३९. त्यांतली एक, ३७६५ नंबरची, १९६२ला न्यूर्बुर्गरिंगच्या १००० किलोमीटर शर्यतीत दुसरी आली होती. २०२३च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ती ५ कोटी १७ लाख डॉलरला गेली, तेव्हा बातम्यांत सरसकट "२५० जीटीओ" छापून आलं.

राहिला तो फोटो. त्यात बुटकं सपाट छप्पर मागे अचानक तुटलेलं दिसतं, मागची काच जवळजवळ उभी. १९६२ची जीटीओ अशी नसते. तिचं छप्पर मागे लांब उतरत जातं, नाकावर इंग्रजी डी अक्षरासारखी तीन छोटी तोंडं असतात आणि सुरुवातीच्या गाड्यांना शेपटीवरची पट्टी वेगळी जोडलेली असते. १९६२च्या २४ फेब्रुवारीला पत्रकारांना दाखवलेल्या पहिल्या गाडीला तर ती पट्टीही नव्हती. महिन्याभरात दुसरी गाडी, ३३८७, सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत फिल हिल आणि ऑलिव्हिए झांदबियाँ यांनी एकूण दुसऱ्या क्रमांकावर आणली. फोटोतला पत्रा १९६४चा, एलएमच्या वळणाचा.

पण म्हणून फोटोतली गाडी उशिराची, असंही लगेच म्हणता येत नाही. १९६४च्या रूपात नव्या झाल्या त्या तीनच, ५५७१, ५५७३ आणि ५५७५. शिवाय चार जुन्या गाड्यांवर स्कालिएत्तीने नवा पत्रा चढवला, आणि त्यांतली एक होती तिसरी जीटीओ, ३४१३. फिल हिलने १९६२च्या तार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या सरावात तिच्यातून फेऱ्या मारल्या. मग एदोआर्दो लुआल्दी-गाबार्दीने घाटाच्या शर्यतींत ती पळवून त्याच वर्षी इटलीचं राष्ट्रीय जीटी विजेतेपद घेतलं. २०१८ला ती ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली, ती १९६४च्या अंगानेच. फोटोत बॉनेट बंद आहे. ते उघडून चासीवरचा नंबर कुणी वाचून दाखवला, तर गाडी कितवी ते सांगेन. "पहिली" मात्र ती कुठल्याही हिशेबाने नाही.