बिनवायरचा बाजा

आमच्या गल्लीत सध्या माझ्या कीबोर्डाबद्दल दोन मतं आहेत. पहिलं, तो मेलेला आहे. दुसरं, तो मेलेला नाही, पण त्याच्यात काहीतरी शिरलंय. दोन्ही मतं एकाच माणसाची आहेत आणि तो माणूस रोज संध्याकाळी माझ्या ओट्यासमोरून दूध आणायला जातो.

प्रसंग कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाचा. अमळनेर, श्रावण, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू सव्वा मुठीच्या मापाने दळून झालेले, भाऊबंद सुरत-नाशिकहून येऊन पडलेले, रात्री जागरण. बायका गाणी म्हणणार. त्यांच्यामागे दरवर्षी पेटी धरणारे आण्णा यंदा स्वतःच सुरतेला मुलाकडे अडकले, म्हणून मला सांगावा आला. माझ्याकडे पेटी नाही, बिनतारी मिडी कीबोर्ड आहे (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडायची ठरलेली भाषा). पंचवीस पट्ट्या, पिशवीत मावतो, मांडी दुखत नाही, भाता मारावा लागत नाही. मी हो म्हणालो.

आता या वस्तूचा एक स्वभाव आहे. ती स्वतः आवाज काढत नाही. तिच्या पोटात ना सूर ना स्पीकर. तुम्ही पट्टी दाबली की ती फक्त निरोप धाडते: अमुक नंबरची पट्टी दाबली, एवढ्या जोरात. सोडली की दुसरा निरोप: सोडली. तो निरोप टॅबमधल्या अ‍ॅपला मिळाला की अ‍ॅप वाजतं. हे समजायला पाच मिनिटं पुरतात. समोर नाना नसतील तर.

नाना वीज खात्यातले निवृत्त लाइनमन. वय झालं तरी खिशात टेस्टर असतो. लोक खिशाला पेन लावतात, नाना टेस्टर लावतात. मी मांडवात कीबोर्ड मांडला तेव्हा ते समोर खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"हाई काय शे?"

"कीबोर्ड आहे नाना."

"कम्प्युटरना का?"

"नाही, गाण्याचा. पेटीच समजा."

"मंग वाजाड ना."

मी काही बोलायच्या आत त्यांनीच वाकून एका बोटाने पट्टी दाबली. अर्थात काही झालं नाही. दुसरी दाबली. मग पाची बोटं एकदम ठेवून वजन टाकलं. माझ्या पोटात कालवलं, कारण त्या पट्ट्या माझ्या हप्त्यांच्या आहेत.

"आवाज कथा शे?"

"आवाज टॅबमध्ये आहे."

"मंग वायर कथी शे?"

"वायर नाही. ब्लूटूथ आहे."

नाना मागे टेकले. मांडवातल्या चार जणांकडे आळीपाळीने बघितलं. साक्षीदार गोळा करण्याची ही त्यांची पद्धत आहे. "म्हंजे आवाज हवामाईन जास?"

"आवाज नाही जात. निरोप जातो. कुठली पट्टी, किती जोरात."

"म्हंजे तू निस्ता सांगस. वाजाडस दुसराच."

"तसं म्हटलं तर... हो."

"मंग तुले कसाले बलायं?"

चार जण हसले. पाचवी माझी मावशी होती, तीही हसली. मला राग आला आणि राग आला की मी माहिती देतो, ही माझी जुनी खोड आहे. मी सांगितलं, नाना, ही मिडीची भानगड आजची नाही. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत वाद्यांच्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले. एकावर बोट ठेवलं की दुसरा वाजायचा. तोवर एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राशी धड बोलत नव्हतं. डेव्ह स्मिथ म्हणून एक अमेरिकन आणि इकुतारो काकेहाशी म्हणून एक जपानी, या दोघांना त्यासाठी २०१३ साली ग्रॅमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं.

नानांनी सगळं मन लावून ऐकलं.

"जोडेल कशावर व्हतात?"

"पाच पिनांच्या तारेने."

"तारनी ना? मंग!"

आणि ते उठले. मला वाटलं, चहाला निघाले. त्यांनी खिशातून टेस्टर काढला, कीबोर्डाच्या मागे जाऊन चार्जिंगच्या भोकाच्या धातूला टेकवला, वरच्या टोकावर अंगठा ठेवला आणि एक डोळा बारीक करून आतल्या दिव्याकडे बघितलं. पुन्हा टेकवला. दुसऱ्या बाजूने टेकवला. मांडवात शांतता. त्या दिव्याला घरातला करंट लागतो. चार्जिंगच्या भोकात पाच व्होल्टचा कारभार. तो दिवा पाच व्होल्टांकडे ढुंकूनही बघत नाही. हे सगळं मी मोठ्याने सांगत होतो. पण लाइनमन टेस्टर लावून बघतोय आणि बाजूला एक चष्मेवाला बोलतोय, तेव्हा गर्दी कुणाचं ऐकते हे वेगळं सांगायला नको.

"मरेल शे," नाना म्हणाले आणि टेस्टर खिशाला लावला.

मी मान खाली घालून कामाला लागलो. बायकांचा सा पेटीच्या काळी चार पट्टीवर. मला पांढरी एकची सवय. म्हणजे ट्रान्सपोजने, सगळे सूर एकदम सरकवून, आठ पायऱ्या वर जायचं. या कीबोर्डावर त्यासाठी वेगळं बटण नाही. कशासाठीच वेगळं बटण नाही. एक 'शिफ्ट' आहे. ते दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ऑक्टेव्हचं, म्हणजे सप्तक बदलायचं, बटण मारायचं, की ट्रान्सपोज. तेच शिफ्ट जरा जास्त वेळ दाबलं गेलं की ब्लूटूथ नवीन जोडीदार शोधायला निघतं. त्याहून जास्त दाबलं की बंद. कुठल्या पट्टीवर काय आहे ते काळ्या प्लास्टिकवर करड्या अक्षरांत छापलंय, इतकं बारीक की मांडवातल्या हॅलोजनखाली मोबाइलचा टॉर्च लावून वाचावं लागलं. काळ्यावर करडं छापणाऱ्या माणसाला एकदा लग्नसराईत आमच्याकडे वाजवायला बसवला पाहिजे. सोबत आलेलं माहितीपत्रक नऊ-दहा भाषांत आहे, त्यातली एकही आपल्या देशातली नाही. विकायला मात्र आम्ही चालतो.

आणखी एक मेख आहे, तीही त्या पत्रकात नाही. टॅबच्या सेटिंगमधली ब्लूटूथची यादी असते ना, तिथून हा कीबोर्ड जोडायचाच नाही. वाजवण्याच्या अ‍ॅपच्या आत जाऊन तिथल्या यादीतून जोडायचा. मी आत गेलो. यादी रिकामी. कीबोर्डाचा निळा दिवा स्थिर, म्हणजे तो जोडलेला. टॅब म्हणतो, कुणी नाही. मग हा बाबा जोडला गेलाय कुणाशी?

तेवढ्यात बायकांनी गाणं सुरू केलं. त्या कुणासाठी थांबत नाहीत, थांबूही नये. माझी बोटं सवयीने सा वर पडली.

मांडवातल्या दोन्ही मोठ्या बॉक्समधून 'टक' असा आवाज आला.

रे दाबला. 'टुम.' प वर घंटा वाजली. मला काही उमजेना आणि बोटं काही थांबेनात, चाल वर चढली. नी वर छोटी शिट्टी. तार सा वर लांब, खणखणीत, कंडक्टर मारतो ती शिट्टी. बायका गप्प. कानबाईपुढचा दिवासुद्धा दचकला असेल.

"बस ऊनी!" नाना ओरडले.

यात देवीचा कोप नव्हता, जनरल मिडी नावाचा नियम होता. ताल-वाद्यांच्या संचात कुठल्या नंबरावर काय वाजावं हे १९९१ पासून ठरलेलं आहे. मधला सा म्हणजे ६०, तिथे बोंगो, म्हणजे हाताने वाजवायचा छोटा ढोल. ६२ ला काँगा, म्हणजे उंच ढोल. ६७ ला घंटेसारखं अगोगो. ७१ ला लहान शिट्टी, ७२ ला लांब. माझे निरोप अगदी बिनचूक जात होते. फक्त ते नानांच्या नातवाच्या मोबाइलला जात होते.

हा नातू नववीत. मधल्या वेळात अहिराणी गाणी लावायची म्हणून त्याचा मोबाइल मिक्सरला जोडलेला. त्याच्याकडे ताशा-ड्रम वाजवायचं अ‍ॅप. त्यात त्याला एक नवं नाव दिसलं.

"काका, तुमच्या बाजाचं नाव दिसलं, म्हणून टच केलं."

बस. टच केलं. ना पासवर्ड, ना विचारपूस. हा कीबोर्ड एका वेळी एकाशीच बोलतो, आणि जो आधी हात लावेल त्याचा होतो. दुसऱ्याला मग तो यादीतही दिसत नाही. माझ्या नावाचं बिल, माझे हप्ते आणि पहिला परका टच आला की हा त्याच्याबरोबर चालला! घराला कुलूप असतं, सायकलला असतं, याला एक चार आकडी नंबर ठेवायला काय जात होतं?

पण खरा दणका पुढेच होता. नाना मिक्सरपाशी गेले, नातवाच्या मोबाइलातून निघालेली तार बोटाने उचलून सगळ्यांना दाखवली.

"देखा. आठे वायर शे, म्हनीसन वाजनं."

यावर काय उत्तर द्यायचं? शब्दशः खोटं नव्हतं ना.

शेवटी मी नातवाला त्या अ‍ॅपमधून बाहेर काढलं, कीबोर्ड टॅबला जोडला आणि टॅब मिक्सरला जोडायला गेलो तर टॅबला हेडफोनचं भोक नाही. पूर्वी असायचं. साडेतीन मिलिमीटरचं, कुणाला न दुखवणारं भोक. ते कंपन्यांनी काढून टाकलं आणि त्याच जागेचं काम करणारं बोटभर कन्व्हर्टर आता वेगळं विकतात. माझं घरी राहिलेलं, कारण ते नखाएवढं असतं आणि नखाएवढ्या वस्तूचा जन्म घरी राहण्यासाठीच असतो. साऊंडवाला म्हणाला, "ब्लूटूथनेच द्या ना बॉक्सला." त्याला हात जोडले. निरोप ब्लूटूथने गेलेला चालतो, उशीर कळत नाही. पण आवाज ब्लूटूथ स्पीकरला पाठवला की दहावा हिस्सा ते पाव सेकंद मागे पडतो. बायका 'कानबाई'वर असताना मी अजून मागच्या ओळीच्या शेपटीवर. शेवटी नातवाचं कन्व्हर्टर घेतलं. त्याची गाणी बंद पडली, तो फुगून बसला, त्याची आई माझ्याकडे बघेनाशी झाली.

इथे एक बोलून घेतो. याच गल्लीत लग्नाला डीजे येतो. ट्रॉलीभर बॉक्स, खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याची रक्कम आधी टेबलावर ठेवावी लागते. त्याच्या मशीनला आजवर कुणी टेस्टर लावला नाही. तो वाजवतो की नुसता सांगतो, हे विचारायला नाना कधी पुढे झाले नाहीत. फुकट येणाऱ्या माणसालाच 'तुझं नेमकं काम काय' हा प्रश्न असतो.

असो. मग गाणी लागली. पेटीचा आवाज लावला, काळी चार धरली आणि खरंच छान जमलं. जोर मोजायला मिडीत १ ते १२७ आकडे असतात (शून्य जोराने दाबणं म्हणजे सोडणंच धरतात), त्यातले सगळे मी वापरले. रागामुळे जरा वरचे जास्त. माझी मावशी मान डोलवायला लागली. आणि नेमका मी सा आणि प धरून बसलेलो असताना कीबोर्डाचा दिवा लाल झाला आणि विझला. बॅटरी.

दिवा विझला, सूर विझला नाही.

कारण साधं आहे. 'दाबली' हा निरोप टॅबला पोचला होता. 'सोडली' हा निरोप पाठवायला कीबोर्डच उरला नाही. अ‍ॅप बिचारं इमानदार, सोड म्हटल्याशिवाय सोडत नाही. मी हात उचलले, तरी सा आणि प चालूच. असं झालं की सगळे सूर एकदम थांबवायचा एक निरोप असतो, नंबर १२३. अ‍ॅपमध्ये त्याचं 'पॅनिक' म्हणून बटणही असतं. मी तिकडे बोट नेलं, तर पुढे बसलेल्या माय म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे भो, आते कुठे चांगला वाजी ऱ्हायना." बायकांना हवा तसा, अखंड, न डगमगणारा सूर मिळाला होता. माझ्या हातून तो आधी मिळत नव्हता, असा त्याचा अर्थ मी काढला नाही. बाकीच्यांनी काढला.

नाना पुन्हा आले. मांडीवर हात ठेवून बसलेला मी, विझलेला बाजा आणि भरून वाहणारा सूर, हे तिन्ही त्यांनी नीट पाहिलं. टेस्टर काढला, भोकाला टेकवला. दिवा लागला नाही. टेस्टर हळूच खिशात ठेवून ते दोन पावलं मागे सरकले.

"यानामा काहीतरी शे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तू ऊठ. जेवन करी ले. तुन्हं आते काय काम शे?"

मी उठलो. पुरणपोळी गार झाली होती. सोमवारी बोरी नदीवर विसर्जनाला गेलो नाही, कुणी विचारलंही नाही.

आज सकाळी दार वाजलं. नाना. एका खांद्यावर काळ्या सर्व्हिस वायरचं वेटोळं, दुसऱ्या हातात ड्रिल मशीन. रात्रभर विचार केला म्हणाले, तुमचा बाजा वाईट नाही, त्याचं एकच दुखणं आहे आणि ते फुकट करून देतो. मी म्हटलं, नाना, चहा घ्या. ते आत आले, चहा घेतला, दिवाणावरचा कीबोर्ड उलटा करून मांडीवर घेतला आणि नखाने प्लास्टिकवर टकटक करून जागा शोधायला लागले.

"बोल, भोक कथा पाडू?"