सर्ट-३ अँटीबॉडीला ‘बोगस’ म्हणणाऱ्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या सर्ट-३ अँटीबॉडीला, म्हणजे सर्ट-३ हे प्रोटीन शोधून दाखवणाऱ्या रिएजंटला, एक स्टार देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत. डेटाशीटवर 44 किलोडाल्टन (प्रोटीनच्या वजनाचं एकक) लिहिलेलं असताना हेला या मानवी पेशींच्या ब्लॉटवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने बँड, म्हणजे पट्टे, दाखवणारी चाचणी) 44 ला काहीच नाही, 28 ला मात्र जाड बँड. उंदराच्या यकृताच्या लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रावात) 50 आणि 25 च्या आसपास दोन बँड. आणि पार्सल हातात आलं तेव्हा आइस पॅक कोमट झालेले. शेवटी ‘बोगस माल’ हे शब्द. गेली अठरा वर्षं पुण्यातल्या लॅबना मी रिएजंट पुरवतोय, त्यामुळे हे शब्द लागले. पण तुमचे ब्लॉट तीनदा पाहिले आणि मगच लिहायला बसलो.

आधी हेलाबद्दल, कारण तो ब्लॉट तुम्ही रद्द करू नये असं मला मनापासून वाटतं. माणसातलं सर्ट-३ हे 399 अमिनो आम्लांचं प्रोटीन. ते पेशीद्रवात बनतं तेव्हा साधारण 44 चं असतं. मग ते मायटोकॉन्ड्रियात शिरतं आणि तिथलं एक एन्झाइम त्याचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतं. उरतं ते 28 चं रूप, आणि डीअ‍ॅसिटिलेशनचं, म्हणजे इतर प्रोटीनवरचे अ‍ॅसिटिल गट काढण्याचं, काम करतं तेही हेच. हे 2002 सालीच प्रसिद्ध झालेलं आहे. आमची अँटीबॉडी प्रोटीनच्या शेवटाकडच्या भागावर बनवलेली आहे, म्हणून कापल्यानंतरचं रूपही तिला सापडतं. पेशीत पूर्ण लांबीचं रूप फार साठत नाही, त्यामुळे 44 चा बँड फिका येणं किंवा न येणं स्वाभाविक आहे. तुमचा बँड बरोबर जागी आला आहे.

चूक आमच्या कागदाची आहे. डेटाशीटवर नुसतं 44 छापलेलं आणि 28 चा उल्लेखही नाही, हे वाचून कुणीही तुमच्यासारखाच निष्कर्ष काढला असता. कंपनीकडून आलेला कागद आम्ही न वाचता पुढे ढकलला. कालपासून प्रत्येक बाटलीसोबत दोन्ही आकडे लिहिलेली मराठी-इंग्रजी चिठ्ठी जाते आहे.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नका. सर्ट-३ चा एसआय-आरएनए देऊन नॉकडाउन करा, म्हणजे पेशीत ते प्रोटीन बनणंच कमी करा, आणि त्याच जेलवर शेजारच्या लेनमध्ये लावा. 28 चा बँड फिका पडला तर प्रश्न मिटला. लोडिंग कंट्रोलसाठी (प्रत्येक लेनमध्ये सारखंच प्रोटीन घातलंय ना, हे पाहण्यासाठी) व्हीडॅक हे मायटोकॉन्ड्रियातलं प्रोटीन घेऊ नका, तो 32 च्या आसपास येतो आणि 28 च्या अगदी जवळ पडतो. तिथलंच दुसरं प्रोटीन कॉक्स-फोर 17 ला येतो, तो सोयीचा.

उंदराच्या यकृताबाबत मात्र तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. ही अँटीबॉडी उंदरातच बनवलेली मोनोक्लोनल आहे. यकृतात रक्त असतं आणि रक्तात उंदराची स्वतःची अँटीबॉडी असते. तुमची अँटी-माउस सेकंडरी, म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीला चिकटून बँड दाखवणारी दुसरी अँटीबॉडी, तिलाही धरते. तिची जड साखळी 50 ला दिसते, हलकी 25 ला. म्हणजे त्या लेनमध्ये नेमकी 28 च्या शेजारीच गडबड, तिथल्या कुठल्याही बँडवर विसंबू नका. आमच्या यादीत या मालापुढे ‘माणूस, उंदीर’ असं लिहिलेलं होतं. तपासणी फक्त मानवी पेशींवर झाली होती, उंदीर केवळ प्रोटीनच्या क्रमातल्या साम्यावरून जोडलेला. तो शब्द मी यादीतून काढला आहे. तुमचा नमुना आणि दोन आठवडे वाया गेले, त्याबद्दल माफी मागतो.

पार्सल शनिवारी दुपारी निघालं आणि सोमवारपर्यंत गेटवर पडून राहिलं. 50 टक्के ग्लिसरॉलमधली अँटीबॉडी एवढ्याने सहसा बिघडत नाही, तुमचा हेलाचा बँडही तेच सांगतो. पण मे महिन्यात शुक्रवारनंतर माल पाठवायचाच नव्हता. यापुढे पाठवणार नाही.

मानवी पेशींसाठी ही बाटली योग्य आहे, त्यामुळे तिचे पैसे परत करत नाही. उंदराच्या कामासाठी सशात बनवलेली, उंदराच्या ऊतींवर तपासलेली सर्ट-३ अँटीबॉडी आमच्या खर्चाने देतो. तिच्यासोबत अँटी-रॅबिट सेकंडरी लागेल, तीही देतो. गुरुवारी मी पाषाणला येणार आहे. तुमच्या लॅबच्या फ्रीझरपर्यंत बर्फातून स्वतः आणून देईन. नॉकडाउनचा ब्लॉट झाला की तो इथेच टाका. माझं म्हणणं चुकीचं निघालं तरी टाका.