डोंबलाची दहा मिनिटं!

नकाशा म्हणतो, घर दहा मिनिटांवर. स्पेनच्या सेव्हिलमध्ये झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंत त्याचं ऐकूच नये, वाटेत चर्चच्या मंडळांच्या मिरवणुका आडव्या येतात! पुढे क्रूस, मग टोकदार टोप्यांचे नाझारेनो, म्हणजे मिरवणुकीत चालणारे मंडळाचे सदस्य, मोठ्या मंडळाचे तर दोन हजारांवर, आणि बहुधा दोन पासो, म्हणजे खांद्यांवरून नेलेले मूर्तींचे मखर. सगळं सरायला तास सहज जातो. मध्ये घुसलात तर लोक नजरेनेच भाजतात. छताखालची मेरीमाता आणि तिच्यामागचा बँड गेला, की मगच पलीकडे जा. आणि ला कंपाना चौक ते कॅथीड्रल हा पट्टा? तो टाळाच, तिथे एक मिरवणूक संपते तोवर दुसरी हजर. वर मेणबत्त्यांचं मेण रस्ताभर. गाड्यांची चाकं किंचाळतात, दुचाकी घसरतात. गुरुवारच्या रात्री तर मिरवणुका शुक्रवार उजाडला तरी चालूच. पहाटेचं विमान असेल तर मुक्काम मध्यवस्तीबाहेर हलवा, नाहीतर बॅग डोक्यावर घेऊन उभे राहा.