खाणी कोणी बंद पाडल्या?

‘पर्यावरणवाल्यांनी गोव्यातल्या खाणी बंद पाडल्या’ हा संदेश निवडणूक जवळ आली की डिचोली-सांगे या खाणपट्ट्यातल्या तालुक्यांत हमखास फिरू लागतो. अर्धंच खरं आहे. याचिका गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेची होती, कबूल. पण सप्टेंबर २०१२ मध्ये, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर, खाणकाम आधी थांबवलं ते खुद्द राज्य सरकारने. आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज (खाणी चालवायचे भाडेपट्टे) रद्द केल्या त्या काही झाडांपायी नव्हे. नव्याने लीज देण्याऐवजी सरकारने जुन्यांचंच नूतनीकरण उरकलं होतं म्हणून. कायमची बंदी त्या निकालात नाहीच. नव्या लीज द्या, पर्यावरण दाखलेही नवे घ्या, एवढंच. खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचे कर्जाचे हप्ते थकले हे दुखणं खरंच, पण नव्या पद्धतीने लीजचा लिलाव व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं, ते कोणामुळे?