खरा मेल खोट्यासारखा का पाठवता?

बँकवाल्यांनो, 'लिंकवर क्लिक करू नका' हे आम्हाला शिकवण्याआधी तुम्ही स्वतः लिंका पाठवणं बंद करा. अक्षरशः डोकं उठलंय.

बाबांना मेल आला. वर लाल अक्षरांत 'तातडीचे'. खाली, सात दिवसांत केवायसी केली नाही तर व्यवहार थांबवू. त्याखाली मोठं निळं बटण. सुरुवात 'प्रिय ग्राहक'. ना बाबांचं नाव, ना खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव, पण त्या नावावर टॅप केलं की खरा पत्ता दिसतो, तो कुठल्यातरी मार्केटिंग कंपनीचा. बटणावर बोट दाबून धरलं तर लिंक तिसऱ्याच डोमेनची (म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याची) आणि पुढे अक्षरांची नुसती गिचमिड. फसवा मेल ओळखायच्या म्हणून जेवढ्या खुणा बँका सांगतात, त्या सगळ्या एका मेलमध्ये! मी बाबांना ठामपणे सांगितलं, हात लावू नका. ते शाखेत गेले, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काका, मेल आपलाच आहे, करून टाका."

आपलाच आहे म्हणे! मग सत्तरीच्या माणसाने खरं-खोटं ओळखायचं तरी कशावरून? आणि हीच बँक 'अनोळखी लिंक उघडू नका' असे मेसेज सतत पाठवत असते. एका हाताने सावध करायचं आणि दुसऱ्या हाताने तीच घातक सवय लावायची. उद्या चोराने हाच मेल जसाच्या तसा कॉपी करून पाठवला, तर तो उघडायची सवय बाबांना लावली कुणी?

पैसे गेले की मात्र दोष ग्राहकाचा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने पासवर्ड-ओटीपी दिल्यामुळे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा भुर्दंड त्याच्याच माथी. बरं, आणि बँकेच्या निष्काळजीपणाचं काय? खोट्यासारखा दिसणारा खरा मेल पाठवणं हा निष्काळजीपणा नाही?

रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी वेगळं 'डॉट बँक डॉट इन' डोमेन जाहीर केलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं. ते कुणाही ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही, नोंदणीकृत बँकेलाच मिळतं. उत्तम निर्णय. आमच्या बँकेचं संकेतस्थळ तिकडे गेलंही. मेल मात्र अजून परक्या डोमेनवरून! मग उपयोग काय त्याचा?

बाबा पोस्टात होते, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं: पाकीट खालून, पिनकोडपासून वाचता ना, तसा लिंकमधला पत्ता उजवीकडून वाचा. सुरुवातीला बँकेचं नाव, मग डॉट को डॉट इन, आणि त्याच्याही पुढे 'डॉट केवायसी-अपडेट डॉट एक्सवायझेड' असेल, तर ती जागा बँकेची नव्हे. सुरुवातीचं 'https://' सोडून जी पहिली तिरकी रेघ (/) येते, तिच्या लगेच आधी ज्याचं नाव, तो मालक. त्यांना चटकन कळलं. पण रिटायर झालेल्या माणसाने प्रत्येक मेल असा तपासत बसायचं का?

'अशुद्ध भाषा बघा' हा सल्ला तर आता फेकून द्या. एआयमुळे चोरसुद्धा स्वच्छ मराठी लिहितात. आणि 'शिकलेली माणसं कशी फसतात' म्हणून हसणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. माणसं फसतात ती वेळेमुळे. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून झालेलं असतं, रिफंडची वाट बघणं चालू असतं, आणि नेमका तेव्हाच 'रिफंड मंजूर, इथे खातं पडताळा' असा मेल येतो. रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यात थेट जमा होतो, लिंकवर कार्डाचा नंबर टाकावा लागत नाही, हे घाईच्या क्षणी कुणाला आठवतं? फसलेला माणूस मग लाजेने गप्प बसतो आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचे पहिले काही तास, जेव्हा पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, तेच वाया जातात. त्याला हसू नका, आधी फोन लावून द्या.

त्या मेलबद्दल बँकेत लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार. मागणी साधी आहे. केवायसीची आठवण जरूर करा, पण नावानिशी करा, स्वतःच्या डोमेनवरून करा आणि लिंक देऊ नका. 'आमचं ॲप उघडा किंवा शाखेत या' एवढी एक ओळ पुरते. ती लिहायला काय खर्च येतो तुम्हाला?